शाळा चांगली कशावरून म्हणावी?

जून महिन्यात शाळा उघडल्या की गावोगावी एक प्रश्न हमखास विचारला जातो : मुलाला कोणत्या शाळेत घालावे? पालक हा प्रश्न शेजाऱ्याला विचारतो, ग्रामपंचायतीचा सदस्य तो ग्रामसभेत ऐकतो आणि शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्यापुढे तोच प्रश्न तक्त्याच्या रूपाने येतो. उत्तरे मात्र बहुधा दोनच असतात. एक, 'त्या शाळेचा निकाल चांगला आहे.' दुसरे, 'लोक त्या शाळेबद्दल चांगले बोलतात.' निकाल आणि लोकमत या दोन मापांनी आपण शाळा मोजतो आणि एकदा मोजली की तिच्यावर शिक्का बसतो. ही मापे कितपत खरी आहेत, ती कशी वापरावीत आणि त्यांवर कोठवर विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विचार केवळ तात्त्विक राहू नये म्हणून रायगड जिल्ह्यातील रसायनीचा परिसर, म्हणजे खालापूर तालुका आणि त्यास लागून असलेला कर्जत तालुका, नजरेपुढे ठेवला आहे.

एका परिसरातील तीन घरे

खोपोली येथे १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी पाताळगंगेत येऊ लागले आणि ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहिली. हे पाणी आणि मुंबईचे सान्निध्य या दोहोंमुळे पुढे या खोऱ्यात कारखानदारी आली. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या केंद्र सरकारच्या कंपनीने रसायनी येथे आपला कारखाना उभारला. त्यापाठोपाठ कामगारांच्या वसाहती आल्या, मोहोपाड्याची बाजारपेठ वाढली आणि औद्योगिक वसाहतीत इतर कारखाने आले. २०१७ साली केंद्र शासनाने कंपनीचे येथील तोट्यातील विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. तथापि शिक्षणाविषयीची जी आकांक्षा कारखान्याने या भागात रुजविली ती मागे राहिली.

या परिसरात फार लांब न जाता तीन प्रकारची घरे पाहावयास मिळतात. पहिले घर कारखान्यातील किंवा मुंबई-पनवेलकडे नोकरीस जाणाऱ्या गृहस्थाचे. तेथे आईवडील दोघे शिकलेले असतात, घरी वर्तमानपत्र येते आणि मुलाचा अभ्यास घेतला जातो. दुसरे घर भातशेती करणाऱ्याचे. तेथे वडील सातवी-दहावीपर्यंत शिकलेले असले तरी आवणीच्या दिवसांत मुलाच्या पाटीकडे पाहण्यास कोणास सवड नसते. तिसरे घर डोंगराच्या कुशीतील ठाकर किंवा कातकरी वाडीवरचे. तेथे शाळेत जाणारे मूल हेच अनेकदा घरातील पहिले अक्षर ओळखणारे माणूस असते. ते घरी ठाकरी किंवा कातकरी बोली बोलते. पाठ्यपुस्तकातील मराठी त्याला शाळेतच प्रथम भेटते.

१९६१ च्या अधिनियमान्वये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यापासून ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षणाचा मुख्य भार त्यांनी वाहिला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेला मूल निवडून घेता येत नाही. दारात येईल त्याला ती आत घेते. काही शाळांच्या दारात पहिल्या घरातील मुले येतात, काहींच्या दारात केवळ तिसऱ्या घरातील. दोन्ही शाळांच्या निकालपत्रकांवर मात्र रकाने तेच असतात. मूल्यमापनातील बहुतेक चुका येथूनच सुरू होतात.

निकालाप्रमाणे अनुदान : एक जुना धडा

शाळेचे मोल परीक्षेच्या निकालावर ठरविण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली सुधारित शिक्षणसंहिता लागू झाली. तपासनीसाने मुलांची वाचन, लेखन व अंकगणित यांत परीक्षा घ्यावी आणि उपस्थिती व उत्तीर्ण मुले यांच्या हिशेबाने शाळेला अनुदान मिळावे, अशी ती योजना होती. सरकारी पैशाचा चोख हिशेब मिळेल असा तिच्यामागचा हेतू होता. परिणाम वेगळा झाला. शिक्षक परीक्षेपुरतेच शिकवू लागले. मुले वाचनपुस्तक वाचण्याऐवजी ते पाठच करू लागली. भूगोल, इतिहास, गाणी, गोष्टी यांना वेळ उरला नाही. मॅथ्यू अर्नोल्ड हे इंग्रजीतील थोर कवी व समीक्षक स्वतः शाळा-तपासनीस होते; या पद्धतीवर त्यांनी सातत्याने टीका केली. अखेर त्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्लंडने ती मोडीत काढली.

मुंबई इलाख्यातही निकालाप्रमाणे अनुदान देण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चालू होती. भारत सरकारने १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावात ती सोडून दिली. त्याआधी १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले त्यात शाळा-तपासणीविषयी एक मार्मिक सूचना आहे. वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीचा फारसा उपयोग नाही. ती निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि याशिवाय पूर्वसूचना न देताही शाळांना भेटी द्याव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. परीक्षेच्या दिवशी दिसणारी शाळा आणि एरव्हीची शाळा या दोन निराळ्या गोष्टी असू शकतात, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

अलीकडच्या काळात अमेरिकेने हाच धडा पुन्हा गिरविला. तेथे २००२ साली अमलात आलेल्या कायद्याने शाळांचे भवितव्य वार्षिक चाचण्यांच्या गुणांशी बांधले. २०११ साली अटलांटा शहरातील शाळांची चौकशी झाली तेव्हा ४४ शाळांतील १७८ शिक्षक व मुख्याध्यापक उत्तरपत्रिकांतील गैरप्रकारांत गुंतल्याचे निष्पन्न झाले. ही सर्वच माणसे मुळात अप्रामाणिक होती असे मानण्याचे कारण नाही. एखाद्या आकड्यावर माणसाची अब्रू आणि रोजी दोन्ही टांगली की तो आकडा वाढविणे हेच काम होऊन बसते. मूल मागे राहते.

गुण काय सांगतात?

याचा अर्थ चाचण्या नकोत असा मुळीच नाही. चाचणी नसेल तर वाडीवरच्या मुलाला वाचता येत नाही ही गोष्ट कोणास कळणारच नाही, आणि न कळलेल्या गोष्टीवर उपाय होत नसतो. प्रथम या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेली 'असर' पाहणी याचे उदाहरण होय. तीत गावातील घरोघरी जाऊन मुलाला अक्षरे, शब्द, साधा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचावयास देतात. देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. साथीच्या काळातील बंद शाळांनंतर २०२२ मध्ये ते १६.३ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर आले. पडझड किती झाली आणि भरपाई किती झाली, हे अशा आकड्यांवाचून समजले नसते. त्याचबरोबर चारपैकी तीन मुले अद्याप मागे आहेत, हेही हेच आकडे स्पष्टपणे सांगतात. सबब, गुणांकडे पाठ फिरविणे हा उपाय नव्हे. ते वाचावे कसे, हे शिकले पाहिजे.

त्यासाठी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, गुणांत घराचा वाटा असतो. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे सहा लक्ष विद्यार्थ्यांची पाहणी झाली. मुलांच्या संपादणुकीतील फरकाचा संबंध शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक आहे, असा तिचा निष्कर्ष निघाला. रसायनीच्या परिसरात वसाहतीलगतच्या शाळेचे गुण वाडीवरच्या शाळेपेक्षा अधिक आले, तर त्यातील किती गुण शिक्षकाचे आणि किती आईवडिलांचे, हे निकालपत्रक सांगत नाही.

दुसरी गोष्ट, छोट्या शाळेची टक्केवारी फसवी असते. वाडीवरच्या शाळेत चौथीत पाच मुले असतील, तर एक मूल तापाने घरी राहिले की निकाल २० टक्क्यांनी हलतो. बाजारपेठेतील शाळेच्या साठ मुलांच्या वर्गात तेच एक मूल दोन टक्क्यांनीही फरक पाडीत नाही. म्हणूनच कोणत्याही जिल्ह्याच्या यादीत अगदी वर आणि अगदी खाली छोट्याच शाळा अधिक आढळतात. त्यांत गुणवत्तेपेक्षा योगायोगाचा भाग मोठा असू शकतो. एका वर्षाच्या आकड्यावरून अशा शाळेचा गौरवही करू नये आणि तिला नोटीसही देऊ नये. निदान तीन वर्षांचे आकडे एकत्र पाहावेत.

तिसरी गोष्ट, टक्केवारी कोणत्या संख्येवर काढली ते विचारावे. शिष्यवृत्ती परीक्षेचे उदाहरण घेऊ. समजा, एका शाळेने तीस मुलांच्या वर्गातून निवडक सहा मुले बसविली आणि पाच उत्तीर्ण झाली. निकाल ८३ टक्के. दुसऱ्या शाळेने तीसपैकी पंचवीस मुले बसविली आणि दहा उत्तीर्ण झाली. निकाल ४० टक्के. वर्तमानपत्रात पहिल्या शाळेचे नाव झळकते. वस्तुतः दुसऱ्या शाळेने दुप्पट मुले उत्तीर्ण केली, शिवाय आणखी पंधरा मुलांना परीक्षेस बसण्याचे धैर्य दिले.

चौथी गोष्ट, प्रत्येक पाहणीचे क्षेत्र वेगळे असते. केंद्र शासनाची राष्ट्रीय संपादणूक पाहणी २०१७ व २०२१ मध्ये झाली. ४ डिसेंबर २०२४ रोजी 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरी, सहावी व नववीच्या मुलांची चाचणी घेण्यात आली. या नमुना पाहण्या आहेत. राज्याचे आणि जिल्ह्याचे चित्र कळावे हा त्यांचा हेतू. 'असर'मध्येही एका जिल्ह्यातील तीस गावे आणि प्रत्येक गावातील वीस घरे एवढाच नमुना असतो. अशा पाहणीतील जिल्ह्याचा आकडा घेऊन तालुक्यातील एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकास जाब विचारणे म्हणजे जिल्ह्याच्या सरासरी पावसावरून एका शेताचे पीक ठरविण्यासारखे होय.

परीक्षेच्या दिवशी कोण होते?

कर्जत-खालापूरच्या शाळांना एक प्रश्न विशेषेकरून भेडसावतो. भाताचे पीक एकच. दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. शाळेचे पहिले सत्र दिवाळीपूर्वी संपते. म्हणजे ज्या दिवशी दुसरे सत्र सुरू होते, नेमक्या त्याच सुमारास वर्गातील काही बाके रिकामी होतात. पावसाळ्यातील चाचणीस हजर असलेली मुले एप्रिलच्या चाचणीस नसतात. दोन्ही निकालांची तुलना करून शाळेची प्रगती वा अधोगती सांगितली जाते, तेव्हा वस्तुतः दोन निराळ्या वर्गांची तुलना होत असते.

ठाणे जिल्ह्यात वीटभट्टी कामगारांच्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा चालविल्या. शासनानेही स्थलांतरित मुलाचे शिक्षण दुसऱ्या गावच्या शाळेत पुढे चालावे म्हणून शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था केली. या उपायांचे यश एका साध्या गोष्टीवर अवलंबून आहे : मूल गेले कोठे, हे मूळ शाळेला ठाऊक असले पाहिजे. ज्या शाळेच्या मूल्यमापनात हजर मुलांचेच गुण धरतात, त्या शाळेला गेलेल्या मुलाचा शोध घेण्याचे कारण उरत नाही. किंबहुना, कच्चे मूल परीक्षेच्या दिवशी न आलेलेच बरे, असा विचार मनात डोकावण्याचा धोका असतो.

कर्जत तालुक्यातील एका वाडीवर मे महिन्याच्या अखेरीस प्रस्तुत लेखकाचे शासकीय कामानिमित्त जाणे झाले. भट्टीवरून कुटुंबे नुकतीच परतली होती. एका बाईने प्लास्टिकच्या पिशवीतून मुकादमाने दिलेली चिठ्ठी काढली. तीत दिवाळीतील उचल आणि दर आठवड्याची खर्ची लिहिली होती. तिची पाचवीत शिकणारी मुलगी ओट्यावर बसून एकेक ओळ बोटाने दाखवीत वाचू लागली. मधेच थांबून ती म्हणाली, "आये, ह्यो आठवडा दोनदा लिवलाय." पाहिले तर खरोखरच एका आठवड्याची खर्ची दोन वेळा मांडली गेली होती. ती चूक होती की मुद्दाम तसे लिहिले होते, हे सांगता येणार नाही. परंतु त्या घराच्या डोक्यावरचे तेवढे कर्ज त्या संध्याकाळी उतरले. दुसऱ्या दिवशी शाळेतील तक्ता पाहिला. दुसऱ्या चाचणीच्या रकान्यात त्या मुलीच्या नावापुढे 'गैरहजर' असा शेरा होता. शाळेच्या त्या वर्षीच्या निकालात तिचे वाचन आणि तिची बेरीज कोठेच नव्हती.

पालकांचे मत कसे ऐकावे?

गुणांच्या या मर्यादा पाहून कोणी म्हणेल, मग पालकांनाच विचारावे. मूल त्यांचे आहे. कायद्यानेही पालकांना मानाचे स्थान दिले आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या अधिनियमात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असा दंडक आहे. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही समितीची कामे होत.

तथापि पालकांचे मतही तपासून घ्यावे लागते. मत हे अपेक्षेच्या तुलनेत बनते. वसाहतीतील पालकाची अपेक्षा मोठी : मुलाने इंग्रजी बोलावे, शिष्यवृत्ती मिळवावी. त्याला बरी शाळाही उणी वाटते. वाडीवरचा पालक स्वतः शाळेची पायरी चढलेला नसतो. मूल रोज शाळेत जाते, तेथे जेवते, सही करते, एवढ्याने त्याचे समाधान होते आणि तो शाळेला चांगली म्हणतो. समाधानाचा तक्ता केला तर कदाचित वाडीवरची शाळा वर येईल. परंतु त्या समाधानाचा आधार घेऊन आपण स्वस्थ बसलो, तर ज्याने कमी मागितले त्याला कमी दिले, एवढाच त्याचा अर्थ होईल.

दुसरे असे की बाह्य गोष्टी डोळ्यांत लवकर भरतात. गळ्यातील टाय, दारातील पिवळी बस, फलकावरील इंग्रजी नाव या गोष्टी रस्त्यावरून दिसतात. मुलाला वाचलेले समजते की नाही, हे रस्त्यावरून दिसत नाही. तिसरे, सभेत सर्वच पालक बोलत नाहीत. गुरुजी समोर बसलेले असता त्यांच्याविषयी विरुद्ध बोलणे गावात सोपे नसते. बायका मागे बसतात आणि भट्टीवर गेलेले कुटुंब तर सभेला नसतेच. ज्यांचे मत कानी पडते ते बहुधा शाळेपासून सर्वांत कमी नुकसान झालेल्यांचे असते.

असे असले तरी पालकांना जे कळते ते कोणत्याही चाचणीला कळत नाही. शिक्षक किती वाजता येतात, मूल आनंदाने जाते की रडत जाते, वर्गात मारतात का, कोणाला वेगळे बसवितात का, पोषण आहार पोटभर मिळतो का, मुलींना स्वच्छतागृह वापरता येते का, या गोष्टींची खरी साक्ष घरच देते. म्हणून पालकांना मत विचारण्यापेक्षा माहिती विचारावी. 'शाळा चांगली आहे का?' या प्रश्नाला 'हो, बरी आहे' हे उत्तर ठरलेले असते. 'काल शाळा किती वाजता उघडली?' 'मुलाने या आठवड्यात घरी काय वाचून दाखविले?' 'शेवटचे कधी शाळेत गेला होतात, आणि कोणी बोलावले म्हणून गेलात?' या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी येतात आणि त्यांचा उपयोग होतो. असे प्रश्न सभेपेक्षा संध्याकाळी अंगणात विचारलेले बरे.

मूल कोठून कोठे आले?

मग योग्य माप कोणते? एका वाक्यात सांगावयाचे तर, मूल शाळेत आले तेव्हा कोठे होते आणि शाळेने त्याला कोठवर नेले, हे शाळेचे माप होय. कल्पना करू की वसाहतीलगतच्या शाळेत जूनमध्ये तिसरीतील १०० पैकी ७० मुले साधा परिच्छेद वाचत होती आणि एप्रिलमध्ये ८० वाचू लागली. वाडीवरच्या शाळेत जूनमध्ये दहापैकी एक मूल वाचत होते आणि एप्रिलमध्ये पाच वाचू लागली. निकालपत्रकावर ८० टक्के आणि ५० टक्के असे दिसेल. शाळेचे काम पाहिले तर पहिलीने न वाचणाऱ्या ३० मुलांपैकी दहांना, म्हणजे तिघांपैकी एकाला वाचते केले. दुसरीने नऊपैकी चौघांना. कायद्याच्या परिशिष्टानुसार साठपर्यंत मुलांच्या शाळेला दोन शिक्षक असतात. म्हणजे वाडीवरच्या शाळेत एक शिक्षक एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळून हे काम करीत असतो.

या मापालाही एक खोट आहे, ती लपवून चालणार नाही. जूनची चाचणी कडक आणि एप्रिलची सैल घेतली की प्रगती आपोआप फुगते. स्वतःच्या वर्गाचा आरंभ आणि शेवट दोन्ही स्वतःच मोजणारा शिक्षक एकाच वेळी खेळाडू आणि पंच असतो. यावर उपाय साधा आहे : केंद्रातील दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने किंवा केंद्रप्रमुखांनी पटावरून चार-पाच नावे स्वतः निवडून त्या मुलांचे तोंडी वाचन ऐकावे, आणि पाठ्यपुस्तकाबाहेरचा मजकूर द्यावा. पाठ केलेला धडा आणि वाचलेला धडा यांतील फरक दोन मिनिटांत कळतो.

शाळेच्या सर्वांगांचा विचार करणारी साधने शासनाकडे नाहीत असे नाही. शाळासिद्धी या राष्ट्रीय कार्यक्रमात सात क्षेत्रे आणि ४६ मानके आहेत. त्यांत इमारत, अध्यापन, मुलांची प्रगती, समाजाचा सहभाग अशा सर्व बाबी येतात. साधन कितीही चांगले असले तरी ते शाळेत बसून भरावयाचे असते. कार्यालयात बसून भरलेल्या प्रपत्रातून ज्याने भरले त्याचेच अक्षर तेवढे दिसते.

ग्रामपंचायत सदस्यांनी काय पाहावे?

शिक्षणशास्त्राची पदवी नसलेल्या सदस्यासही शाळा समजून घेता येते. त्यासाठी पुढील सात प्रश्न पुरेसे आहेत.

१. पटावर किती मुले आहेत आणि आज, कोणतीही सूचना न देता आलो असता, किती हजर आहेत?

२. गावातील किंवा वाडीवरील शालेय वयाची किती मुले पटावरच नाहीत?

३. जी मुले स्थलांतरित झाली त्यांची नावे आणि सध्याचा ठावठिकाणा शाळेकडे लिहिलेला आहे काय? किती जणांना शिक्षण हमी कार्ड दिले?

४. निकालाची टक्केवारी पटावरील सर्व मुलांवर काढली आहे, की परीक्षेस बसलेल्यांवर?

५. तिसरीतील कोणतीही चार मुले अनोळखी मजकूर वाचून त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगतात काय?

६. मागील वर्षी जी मुले मागे होती तीच यंदाही मागे आहेत काय? त्यांच्यासाठी शाळेने वेगळे काय केले?

७. व्यवस्थापन समितीच्या मागील तीन सभांत वाडीवरच्या पालकांपैकी, विशेषतः मातांपैकी, कोण बोलले?

या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यास एक सकाळ आणि एक संध्याकाळ लागेल. उत्तरे समाधानकारक नसतील तर दोष केवळ शिक्षकाचा मानू नये. शिक्षकाचे पद रिक्त आहे काय, निवडणूक, जनगणना व माहिती भरण्याची कामे किती दिवस खातात, पावसाळ्यात ओढा ओलांडून मुले येऊ शकतात काय, हेही त्याच वहीत टिपावे. शाळेची परीक्षा घेताना पंचायतीची आणि प्रशासनाचीही परीक्षा होते, हे विसरता कामा नये. दुसरीकडे, 'ही मुले अशीच' हे उत्तर कोणत्याही शिक्षकाकडून वा अधिकाऱ्याकडून मान्य करू नये. घराचा वाटा मोठा आहे म्हणून शाळेचा वाटा शून्य होत नाही. उलट ज्या घरी दुसरे कोणी शिकविणारे नाही त्या घरी शाळेचा वाटा सर्वांत मोठा असतो.

शिक्क्याची किंमत

चुकीच्या मापाने शाळा मोजली तर काय बिघडते, असे कोणी विचारील. एकदा 'निकाल कमी' असा शिक्का बसला की ज्यांना शक्य आहे ते पालक मुले काढून दुसरीकडे घालतात. पट घसरतो. पट घसरला की शिक्षकाचे पद कमी होते. पद कमी झाले की शिकविणे आणखी अवघड होते, आणि अखेरीस कमी पटाची शाळा चालू ठेवावी की नाही, असा प्रश्न कागदावर येतो. या सर्व प्रवासात ज्याला दुसरीकडे जाता येत नाही ते मूल शेवटपर्यंत त्या शाळेतच असते. पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, हा नियम त्याच्यासाठीच केलेला आहे.

याच कर्जत तालुक्यात स्वातंत्र्यपूर्व काळात माथेरानचे हुतात्मा भाई कोतवाल यांनी शेतकरी व आदिवासींच्या शिक्षणासाठी स्वयंसेवी शाळा सुरू केल्या होत्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना वीरमरण आले. कागद वाचता न आल्यामुळे गरीब माणूस व्यवहारात नाडला जातो, ही त्या काळची स्थिती होती. भट्टीवरच्या चिठ्ठीतील दुहेरी आठवडा पाहिला म्हणजे ती स्थिती पूर्णपणे पालटली असे म्हणवत नाही.

निकाल पाहावा, पालकांचे ऐकावे. दोन्ही साक्षी महत्त्वाच्या आहेत. परंतु साक्ष ऐकून झाल्यावर न्यायाधीश जसा स्वतः विचार करतो, तसा अधिकाऱ्याने, शिक्षकाने आणि पंचायत सदस्याने पट हाती घेऊन, वर्गात मुलांशेजारी बसून विचार करावा. आणि त्या वेळी बाकावर जे मूल नाही, त्याचे नाव सर्वांत आधी विचारावे.